हागवॉन की सरकारी शाळा?

विषय: कोरियन मुलांना इंग्रजी शिकवण्याबद्दल
प्रेषक: मेघना, सुवॉन

नमस्कार मंडळी,

आम्ही मार्चपासून कोरियात, सुवॉन शहरातल्या योंगतोंगला राहतोय. नवरा इथे नोकरीला आणि मी एफ-३ व्हिसावर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या. पुण्यात मी इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. केलं आणि आठवी-नववीला शिकवत होते, त्यामुळे आता रिकामं बसवत नाही. आमच्या समोरच्या इमारतीत एक हागवॉन, म्हणजे खासगी शिकवणी वर्ग, आहे. तिथल्या बाईंनी विचारलंय की शनिवारी लहान मुलांना बोलतं करशील का, पैसे रोख देऊ, कागदपत्रांची भानगड नको. शेजारीण मात्र म्हणते की भारतीयांना इथे इंग्रजी शिकवायची परवानगीच नाही. खरं काय? आणि ही मुलं वर्गात असतात कशी? आपल्याकडचा अनुभव इथे उपयोगी पडतो का? कुणी शिकवत असेल तर जरूर सांगा.

मेघना

------

विषय: उत्तर: कोरियन मुलांना इंग्रजी शिकवण्याबद्दल
प्रेषक: वैशाली, सोल

प्रिय मेघना,

आधी त्या बाईंना स्पष्ट नाही म्हणून सांग. एफ-३ वर परवानगीशिवाय एक तासही काम करता येत नाही. तपासणीत सापडलं तर दंड होतो, देश सोडायचीही वेळ येऊ शकते. "सगळेच करतात" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. त्यांचं काय जातंय, व्हिसा तुमचा आहे.

शेजारणीचं अर्धंच खरं. हागवॉनला ई-२ व्हिसावर, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसावर, इंग्रजीचा शिक्षक ठेवायचा तर तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका या सात देशांपैकीच हवा. त्यात आपण नाही. पण भारत आणि कोरियाचा सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात भारतीयांसाठी शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक व्हायची वाट आहे. अट अशी की पदवी हवी आणि इंग्रजीची शिक्षक-पात्रता हवी. म्हणजे तुझं बी.एड. इथे सोन्यासारखं आहे. आपल्या किती मुलींना हे माहीतच नसतं आणि त्या वर्षानुवर्षं घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. मीही याच वाटेने आले.

आता मुलांबद्दल. इथे इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं, १९९७ पासून. तिसरी-चौथीला आठवड्याला दोन तास, पाचवी-सहावीला तीन, आणि तास चाळीस मिनिटांचा. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात पाचवीच्या वर्गात एक मुलगी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं सहज वाचत असते आणि तिच्या शेजारच्या मुलाला स्वतःचं नावही धड लिहिता येत नाही. कारण हागवॉन. ज्यांना परवडतं त्यांची मुलं चौथ्या-पाचव्या वर्षापासून इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जातात. कायद्याने तेही हागवॉनच. चांगल्या हागवॉनमध्ये शिरायलासुद्धा परीक्षा घेत आलेत, तिला लोकांनी "सात वर्षांची परीक्षा" असं नावच दिलंय. सोलमध्ये आणि तुमच्या ग्यॉंगी प्रांतातही रात्री दहानंतर हागवॉन चालवायला बंदी आहे. बंदी घालावी लागली यातच काय ते आलं. आणि या सगळ्याच्या टोकाला नोव्हेंबरमधली सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याच्या भागाच्या वेळी देशभर विमानांची ये-जा पस्तीस मिनिटं थांबवतात.

म्हणून ही मुलं चुकायला फार घाबरतात. लिहायला सांग, सुरेख लिहितील. उभं राहून बोलायला सांगितलंस की माना खाली. तुला हे ओळखीचं वाटेल. मी मराठी शाळेत पाचवीला ए-बी-सी-डी शिकले, दहावीपर्यंत व्याकरण घोटून पाठ केलं आणि कॉलेजात पहिल्यांदा तोंड उघडायची वेळ आली तेव्हा घशाला कोरड पडली होती. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकाला ही कोरड माहीत नसते. आपल्याला असते, आणि माझ्या मते या कामात तीच आपली सगळ्यात मोठी ताकद आहे.

पहिलं अख्खं सत्र मी मुलांना कळू दिलं नव्हतं की मला कोरियन समजतं. त्यामुळे मला काही सांगायचं तर त्यांना इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हतं. एकदा पाठ होता खाण्याचे पदार्थ मागण्याचा. पुस्तकातले संवाद बाजूला ठेवले आणि म्हटलं, शाळेबाहेरच्या दुकानात मला तोकबोकी (तांदळाच्या पिठाच्या कांड्यांचा तिखट पदार्थ) घ्यायची आहे, काय आणि कसं मागू ते सांगा. मी मांस-मच्छी खात नाही हे त्यांना माझ्या जेवणाच्या ताटावरून ठाऊक होतं. एरवी ओठ न उघडणारा एक मुलगा एकदम उठला. "टीचर, नो! फिश! इनसाइड फिश! अँड व्हेरी हॉट. टीचर क्राय." मग दुसरा म्हणाला, फिश बाहेर काढायला सांगता येतं. तिसरी म्हणाली, पण रस्सा माशाचाच असतो. दहा मिनिटं वर्ग माझ्या पोटाची काळजी करत होता, आणि सगळी काळजी इंग्रजीत! मी एकही चूक दाखवली नाही. फक्त उत्तर देताना तेच वाक्य नीट करून म्हटलं, "ओ, देअर इज फिश इन इट? विल आय क्राय?" पुढच्या वेळी त्या मुलाने "देअर इज" आपणहून वापरलं.

वर्गात तुझ्याबरोबर एक कोरियन शिक्षक असतात. त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बसून ठरवून घे की चूक कधी सुधारायची आणि कोरियनमध्ये भाषांतर कधी करायचं. हे ठरलेलं नसलं की मुलं तुझं बोलणं ऐकतच नाहीत, भाषांतराची वाट बघत बसतात.

आणखी एक. मुलाचं नाव लाल शाईने कधीही लिहू नकोस. इथे ते मृत्यूशी जोडतात. आपला हात तपासताना सवयीने लाल पेनाकडे जातो, म्हणून आधीच सांगते.

वैशाली

------

विषय: उत्तर: उत्तर: कोरियन मुलांना इंग्रजी शिकवण्याबद्दल
प्रेषक: मेघना, सुवॉन

वैशालीताई, किती मनापासून लिहिलंत! हागवॉनला आजच नाही कळवलं. एकच शंका. माझे उच्चार मराठी आहेत. पालक तक्रार करत नाहीत?

मेघना

------

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: कोरियन मुलांना इंग्रजी शिकवण्याबद्दल
प्रेषक: वैशाली, सोल

मेघना,

काही करतात. सुरुवातीला एका आईने मुख्याध्यापकांकडे चौकशी केली होती की भारतीय बाई कशाला नेमली. त्यांनी तिला वर्गात येऊन बसायला सांगितलं. ती बसली, मग पुन्हा काही बोलली नाही. इथल्या मुलांची खरी अडचण निराळी आहे. कोरियनमध्ये एफचा उच्चार नाही म्हणून कॉफीची कॉपी होते, आणि शब्दाच्या शेवटी स्वर चिकटतो म्हणून ऑरेंजचं ओरेंजी होतं. छोटा आरसा ने, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखव, मुलांना गंमत वाटते. तू सावकाश आणि स्पष्ट बोललीस तर तुझ्या उच्चारांनी कुणाचं काही बिघडत नाही, आणि जगातली बहुतेक माणसं इंग्रजी अशीच आपापल्या उच्चारांत बोलतात हे या मुलांनी लहानपणीच ऐकलेलं बरं.

कागदपत्रांना मात्र आत्ताच लाग. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं पुण्यात कुणाकडे तरी दे, आधी राज्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणशिक्का, यात वेळ जातो. पोलीस दाखला ताजाच लागतो, तो शेवटी काढ. एफ-३ वरून ई-२ ची प्रक्रिया तुझ्या बाबतीत कशी करायची हे १३४५ या इमिग्रेशनच्या मदत क्रमांकावर फोन करून विचार, तिथे इंग्रजीत बोलतात. शाळेचं वर्ष मार्चला सुरू होतं, तेव्हा दिवाळीच्या आत सगळं हातात हवं. अर्ज भरताना अडलीस तर रविवारी माझ्याकडे ये, जेवायलाच ये.

वैशाली