ओरेम, रॉय वॉर्डात खरंच लागतात का?

वॉर्डवही:
कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलं, ‘नर्सिंग थिअऱ्या पेपरात लिहायच्या आणि विसरायच्या, वॉर्डात हात चालावे लागतात.’ खाली नुसते होकार. म्हणून ओरेम आणि रॉय, नर्सिंग थिअऱ्या मांडणाऱ्या दोघी, यांच्यावरून सविस्तर लिहिते.

हिप रिप्लेसमेंटचा, म्हणजे खुब्याचा सांधा बदलल्याचा, दुसरा दिवस. नोंद काय, तर ‘स्पंजिंग दिले’, म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसलं. आता ओरेमच्या तीन पातळ्या लावा: सगळं नर्सने करायचं, वाटून घ्यायचं, की शिकवून आधाराला उभं राहायचं? हा पेशंट मधला. तोंड, हात, छाती तो पुसेल. गुडघ्याखाली नर्सने, कारण ऑपरेशनमध्ये सांधा मागच्या बाजूने उघडला असेल तर खुबा ९० अंशांपलीकडे वाकवून चालत नाही, निखळू शकतो. सगळं आपणच पुसलं की काम लवकर उरकतं, पण घरी काय करायचं आणि काय टाळायचं हे पेशंटला डिस्चार्जपर्यंत कळत नाही.

तीनची_शिफ्ट:
असहमत. हा कॉमन सेन्स आहे. ओरेमचं पुस्तक १९७१चं. त्याआधीच्या नर्सेसना एवढं कळत नव्हतं? रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८४ टक्के झालं की श्वासमार्ग बघा, डोकं उंच करा, ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. तिथे रॉय काय करणार?

वॉर्डवही:
तिथे काही नाही. पण पूर्ण शिफ्ट ८४ वर चालते का? रात्री दोनला ऑपरेशनचा पेशंट तळमळतो, पहिली मागणी झोपेच्या इंजेक्शनची. रॉय तीन थर बघायला लावते. समोरचं कारण: दुखणं. भोवतालची: पिळ पडलेली कॅथेटरची (लघवीची) नळी, तुंबलेली लघवी, डोळ्यावरचा दिवा. मागची: आधीच्या ऑपरेशनची धास्ती. नळी सरळ करून भागणार असेल तर इंजेक्शन कशाला?

तीनची_शिफ्ट:
आणि तळमळ ऑक्सिजन कमी पडल्यानेही होते. थर मोजण्याआधी बोटाला सॅच्युरेशनचा प्रोब लावा.

वॉर्डवही:
बरोबर, ते आधी. लिहायचं राहिलं.

केसशीट:
थिअरीवर कसले भांडता, मूळ रोग केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात आहे. ‘ज्ञानाचा अभाव’ हे निदान, ‘हेल्थ एज्युकेशन दिले’ हा उपाय, ‘पेशंटला समजले’ हे मूल्यमापन. तिन्ही रकाने मागच्या फाइलवरून उतरवलेले. इन्सुलिन पेनचं उदाहरण घ्या. काय समजलं? नवी सुई, २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब आला का पाहणं, डोस फिरवणं, टोचून बटण दाबल्यावर १० पर्यंत मोजणं. हे पेशंटने करून दाखवेपर्यंत ‘समजले’ लिहायचंच नाही.

तीनची_शिफ्ट:
एका नर्सकडे अख्खा वॉर्ड. करून दाखवायला वेळ तुम्ही आणून देणार? वर बसून रकाने तपासणाऱ्यांनी एक रात्र काढून बघावी.

केसशीट:
वर बसून नाही बोलत. डोसची वेळ तर रोज येतेच ना? तेव्हा पेन पेशंटच्या हातात द्या, आपण शेजारी उभं राहून बघा. ओरेमची तिसरी पातळी हीच. आणि टोचण्याआधी पोटावर हात फिरवा. रोज त्याच जागी टोचून गाठ झाली की इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं, साखर वर राहते, डोस वाढवला जातो. मग कुणीतरी ‘जागा बदला’ एवढंच सांगून मोकळं होतं. तोच वाढीव डोस चांगल्या जागी गेला की साखर धाडकन खाली. जागा बदलायच्या दिवशीच डोसबद्दल डॉक्टरांना विचारायचं आणि साखर जास्त वेळा तपासायची.

तीनची_शिफ्ट:
गाठीचा मुद्दा मान्य, हँडओव्हरमध्ये, पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, तो कुणी सांगत नाही. पण त्याला ओरेमचं नाव कशाला?

वॉर्डवही:
हँडओव्हरमध्ये ‘वाटून, गुडघ्याखाली आपण’ किंवा ‘फक्त बघायचं, पेन स्वतः मारतो’ एवढं बोललात तरी चालेल. नाव घेऊ नका. पण पातळी सांगितली नाही, तर पुढची शिफ्ट परत सगळं स्वतःच करते.

तीनची_शिफ्ट:
पातळी सांगेन. केअर प्लॅनच्या रकान्यात लिहिणार नाही.