पाखरू तेवढेच, फांद्या मात्र जास्त: वन्यजीवनासाठी मीडियम फॉरमॅट

लपणवासी
‘मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो, त्यामुळे संधिप्रकाशातल्या वन्यजीवनासाठी आता मीडियम फॉरमॅटला तोड नाही, फुल फ्रेमवाल्यांनी आपली हत्यारे म्यान करावीत,’ असे विशालपट यांनी काल या धाग्यावर लिहिले. दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो, पण झोप येईना, म्हणून सविस्तर लिहितो.

मीडियम फॉरमॅटचा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा पृष्ठभाग) मोठा आहे, हे कोणीच नाकारत नाही. ४३.८ × ३२.९ मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या (३६ × २४ मिमी) सुमारे १.६७ पट क्षेत्रफळ, आणि स्टॉपच्या हिशेबात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जेमतेम पाऊण. पण हा पाऊण स्टॉप पदरात पडतो केव्हा, तर तीच चौकट, त्याच एफ-क्रमांकाने (लेन्सचे नाभीय अंतर भागिले तोंडाचा व्यास), दोन्ही कॅमेऱ्यांत काठोकाठ भरली तर. घुबड चाळीस मीटरवर बसलेले असते तेव्हा चौकट भरण्याची चैन कोणालाच नसते. फुजीफिल्मच्या मीडियम फॉरमॅट जीएफएक्स१०० मालिकेच्या १०२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे, आणि सोनीच्या ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम ए७आर ५ वरचाही तेवढाच आहे. दोघांवर ५०० मिमी एफ/५.६ लावा, घुबडाच्या वाट्याला पिक्सेलही तेवढेच येतील आणि प्रकाशही तेवढाच. उरलेले ४१ मेगापिक्सेल आजूबाजूच्या फांद्या टिपतील.

दूरच्या प्राण्याकडून किती प्रकाश आत यायचा, हे शेवटी लेन्सचे तोंड ठरवते. ६०० मिमी एफ/४ चे तोंड १५० मिमीचे, तर ५०० मिमी एफ/५.६ चे ८९ मिमीचे. क्षेत्रफळात हा फरक पावणेतीन पटींहून जास्त, म्हणजे दीड स्टॉप. तुमचा पाऊण स्टॉप तिथेच वाहून गेला.

हे मी नुसते कागदावर मांडत नाही. एका मित्राचा जीएफएक्स१०० २ आणि त्यावरची ५०० मिमी घेऊन मी दोन संध्याकाळी लपणात (पाखरांना दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात) बसलो होतो. इलेक्ट्रॉनिक शटर लावले, तर ओळी एकामागून एक सावकाश वाचल्या जात असल्यामुळे उडत्या घुबडाचा पंख कोपरातून मोडल्यासारखा आला. यांत्रिक शटर लावले, तर तिसऱ्या खटक्याला घुबडाने मान पूर्ण वळवून लपणाच्या नेमक्या फटीत पाहिले, आणि चौथा खटका रिकाम्या फांदीवर पडला.

विशालपट
आपले गणित बिनचूक आहे, पण आपण ते सोयीच्या जागी थांबवले आहे. ती ६०० एफ/४ तीन किलोंच्या आसपास भरते आणि माझी ५०० मिमी १३७५ ग्रॅमची आहे. आपले दीडशे मिमीचे तोंड खांद्यावर घेऊन पहाटेच्या अंधारात चढण चढून दाखवा, मग दीड स्टॉपचे बोलू. शिवाय प्रत्येक प्राण्याचा पारपत्रासारखा फोटो काढलाच पाहिजे, हा नियम कोणी केला? धुक्यातला कळप, त्यामागची झाडांची रांग आणि वरचे फिकट होत जाणारे आकाश हे सगळे एका चौकटीत घेताना तो पाऊण स्टॉप पूर्णपणे माझा असतो.

जुना रोल
मुळात ज्याला आपण सगळे मीडियम फॉरमॅट म्हणतो आहोत, ते तसे नाही. मीडियम फॉरमॅट फिल्मवरची ६४५ (नावाला ६ × ४.५ सेंमी) ची चौकट ५६ × ४१.५ मिमीची असे. ४४ × ३३ ला त्या पंगतीत बसवणे हा विक्रेत्यांचा चावटपणा आहे, आणि हे मी जिवंत आहे तोवर म्हणत राहणार.

पिसारा
हा संपूर्ण वादच कालबाह्य आहे. आयएसओ (प्रकाश कमी असताना वाढवायची संवेदनशीलता) १२८०० ची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, नॉइज (चित्रातला रवा) काढणाऱ्या एआय सॉफ्टवेअरमधून फिरवली, की तुमचा पाऊण आणि त्यांचा दीड स्टॉप दोन्ही भरून निघतात. मी दोन वर्षे आयएसओकडे पाहिलेले नाही.

टिपणवही
याच वाक्याची मी वाट पाहत होतो. गेल्या हंगामात एकाने माझ्याकडे रातव्याचा (रात्री उडणाऱ्या पाखराचा) फोटो ओळखण्यासाठी पाठवला. रातव्यांच्या जाती खांद्यावरच्या पिसांची नक्षी पाहून वेगळ्या करतात, हे इथे सांगायला नको. या फोटोत ती नक्षी इतकी रेखीव होती, की मी तीन रात्री पुस्तके चाळली आणि ती कोणत्याही जातीशी जुळेना. शेवटी मूळ रॉ मागवली, तेव्हा त्या खांद्यावर करड्या रव्याखेरीज काहीच नव्हते. ती नक्षी सॉफ्टवेअरने दुसऱ्या कुठल्यातरी पाखरांवरून शिकून या पाखराला नेसवली होती. तुम्हाला ते छायाचित्र वाटते. माझ्या लेखी ती खोटी नोंद आहे.

पिसारा
इतके सोवळेपण असेल, तर कॅमेराच ठेवून द्या. बेयर सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल तीनपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणजे तुमच्या पवित्र रॉमधून काढलेल्या चित्रातही रंगांची दोनतृतीयांश माहिती अंदाजाचीच असते. तेव्हा तुमची नोंदवही विटाळत नाही का?

टिपणवही
शेजारच्या पिक्सेलांवरून काढलेला अंदाज त्याच पाखरावरून आलेल्या प्रकाशाचा असतो, आणि तुमचा अंदाज भलत्याच पाखराचा असतो. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने निदान फोटोखाली जातीचे नाव लिहू नये, एवढीच विनंती आहे.

पिसारा
मी नावे लिहीतच नाही, कारण मी पाखरे भिंतीवर लावण्यासाठी टिपतो. आपल्यासारख्यांनी नोंदींचे निमित्त करून छंदाचे कारकुनी खाते केले आहे.

टिपणवही
भिंतीवर लावायचे असेल तर रंगाऱ्याला बोलवा. तो पिसे तुमच्या सॉफ्टवेअरहून बरी काढेल, आणि ती आपण काढली आहेत असे कबूलही करेल.

लपणवासी
धागा कॅमेऱ्याचा आहे, याची दोघांनाही आठवण करून देतो. टिपणवही यांच्या बाजूने एक भर मात्र घालतो. नॉइज मागाहून काढता येते, या भरवशावर लोक शटरचा वेगही नको तितका वर नेतात. बसलेल्या रातव्याला १/१००० सेकंद कशाला लागतो? बॉडीतल्या स्थिरीकरणावर विसंबून १/१५ ला वीस फोटो घ्या, त्यातले दोन-तीन खणखणीत निघतात. रातव्याला हलण्याची घाई नसते.

विशालपट
बसलेल्या प्राण्यासाठी स्थिरीकरण पुरते हे आपणच मान्य केलेत, तर मीही एक मान्य करून टाकतो, म्हणजे आपल्याला झोप लागेल. उडत्या पाखरांसाठी मी माझा कॅमेरा कोणाला सुचवणार नाही. सेकंदाला ८ फोटो हे आकडे पत्रकावर शोभतात. निकॉनचा झेड९ २० रॉ घेतो आणि त्याला यांत्रिक शटरच नाही. हॅसलब्लाडच्या २०२२ च्या एक्स२डी १००सी मध्ये तर सतत फोकसही नव्हता. झाले समाधान? आता माझे ऐका. कालच्या संध्याकाळी पाणवठ्यावर याच ५०० मिमीने काढलेल्या सात रॉ मी टिपणवहींना पाठवल्या आहेत. असंकुचित आहेत, एकेक २०० एमबीच्या वर आहे, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरचा हात लागलेला नाही. पाचवीत मधोमध रातवा आहे. कोणता ते त्यांनी सांगावे.

टिपणवही
सातही उतरवायला दुपार गेली. पाचवीत मधोमध आहे तो रातवा नसून सालपट निघालेला ओंडका आहे, आणि त्यावर आपण फारच सुरेख फोकस केला आहे. रातवा त्याच चौकटीत अगदी डाव्या कडेला, वाळक्या पानांत, डोळे मिटून बसला आहे. मोठा करून पाहिल्यावर खांद्याची पिसे मोजता येतात. जात कळवतो, थोडा वेळ द्या.

विशालपट
लपणवासी, तीच लेन्स फुल फ्रेमवर असती तर ती डावी कड चौकटीत आली असती का, एवढे फक्त मोजून सांगाल?

लपणवासी
मोजले. नसती आली. त्या एका रातव्यापुरते मान्य आहे, आणि तोही आपल्याला दिसला नव्हता, हे नमूद करून ठेवतो.