न विचारता कॉल ट्रान्सफर करणं बंदच करावं का?

खातेवहीवाला:
ऑफिसात नवीन ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्सचेंज, बसला. स्टाफला दोनच गोष्टी शिकवल्या: बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य, आणि ट्रान्सफर कसा करायचा. आता ग्राहकाचा फोन अकाउंट्समधून स्टोअरला, स्टोअरमधून डिस्पॅचला, तिथून फिरून पुन्हा माझ्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे टेबलावरच्या आतल्या नंबरवर. दर वेळी त्या बिचाऱ्याने बिल नंबरापासून सुरुवात करायची. ट्रान्सफर दोन तऱ्हेचा असतो. ब्लाइंड म्हणजे पुढचं एक्स्टेन्शन दाबलं आणि रिसीव्हर ठेवून दिला, तिकडे कोणी आहे की नाही हे बघायचंच नाही. अटेंडेड म्हणजे ग्राहक होल्डवर, आधी पुढच्याशी दोन वाक्यं, मग कॉल जोडायचा. माझं मत स्पष्ट आहे, ब्लाइंडवर बंदीच घाला.

सर्व्हर_रूम:
साहेब, बंदी घालून ऑपरेटरचा जीव घ्याल. सकाळच्या गर्दीत प्रत्येक कॉलला थांबून विचारत बसलं तर मागचे नुसती रिंग ऐकत राहतील. पुढे कोणी उचलला नाही तर कॉल आपोआप ऑपरेटरकडे परत येतो, त्याला रिकॉल म्हणतात. बहुतेक सिस्टिममध्ये ही सोय असते, व्हेंडरला विचारा चालू केलीय का. आणि साध्या फोनवर ट्रान्सफरसाठी लोक फ्लॅशचं बटण सोडून क्रेडल, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या जागेचा खटका, दाबतात. जरा जास्त दाबलं की कॉल कट, आणि नाव मात्र सिस्टिमचं खराब.

खातेवहीवाला:
रिकॉल कोणी उचललाच नाही तर येणार ना? आमच्याकडे उचलतात, आणि "हे आमचं नाही" म्हणून पुढे ढकलतात.

सर्व्हर_रूम:
मग तो माणसांचा प्रश्न झाला, बटणाचा नाही.

रिसेप्शनवाली ताई:
मी हॉस्पिटलच्या फ्रंट डेस्कवर असते. दोघांचंही अर्धं बरोबर. सिस्टर कुठल्या वॉर्डात आहेत हेच माहीत नसेल तर ट्रान्सफर करणार कुठे? तिथे पार्क लागतं. होल्डवर ठेवलेला कॉल माझ्याच फोनवर अडकून राहतो. पार्क केला की त्याला नंबर मिळतो, समजा ७१. मग स्पीकरवर पुकारायचं, "सिस्टर, ७१ वर फोन आहे." त्या जवळच्या कुठल्याही फोनवरून घेतात. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, पण शिकवतं कोण!
आणि कृपा करून म्यूट आणि होल्ड यांत घोळ घालू नका. म्यूटवर पलीकडचा आपल्याला ऐकू येतो, आपण त्याला नाही. होल्डवर दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नाही, त्याला नुसतं संगीत. रिसीव्हरवर हात ठेवून "सांग, मी मीटिंगमध्ये आहे" म्हणणाऱ्यांचं सगळं पलीकडे जातं बरं का.

फक्त_मोबाईल:
एवढे शब्द पाठ करण्यापेक्षा डेस्क फोनच काढून टाका. खिशात मोबाईल असताना हे डबडं कशाला? कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारा आयपी फोन घेतला तरी तो बहुधा नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतो, त्या केबल जिथे जोडतात तो नेटवर्क स्विच बंद पडला की सगळे एकदम मुके.

रिसेप्शनवाली ताई:
दादा, तुमचा माणूस रजेवर महाबळेश्वरला गेला की ग्राहकही त्याच्याबरोबर महाबळेश्वरला. इथे शेजारचा फोन वाजला तर मी पिकअप कोड दाबून माझ्या जागेवरून घेते. बिलिंगचे चार फोन एका हंट ग्रुपमध्ये आहेत, एकाने नाही उचलला तर दुसऱ्याकडे वाजतो. मोबाईलवर हे करून दाखवा.

फक्त_मोबाईल:
अ‍ॅपवर होतं की सगळं.

सर्व्हर_रूम:
होतं, पण अ‍ॅपमध्येही हेच शब्द आहेत. पार्क, पिकअप, फॉरवर्ड. पाठांतर काही टळत नाही.

न्यू जर्सीकर:
ट्रान्सफरवरून भांडताय, पण मला तो "आधी शून्य" जास्त खटकला. अमेरिकेत २०१३ साली टेक्सासच्या एका मोटेलमध्ये आईवर हल्ला झाला. मुलगी ९११, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर, फिरवत राहिली, फोन लागेना, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता. आई वाचली नाही. त्यावरून २०१८ मध्ये त्या आईच्या नावाने करीज लॉ हा कायदा झाला. आता इथे नव्याने बसवलेल्या सिस्टिमवरून ९११ थेट लागलंच पाहिजे. तुमच्या ऑफिसातून शून्याशिवाय ११२ हा आपला आपत्कालीन नंबर लागतो का?

खातेवहीवाला:
हे कधी डोक्यातच आलं नाही. उद्या लावून बघतो. ब्लाइंडबद्दलचं मत मात्र तेच.

सर्व्हर_रूम:
अहो, ट्राय म्हणून ११२ लावू नका! व्हेंडरकडून डायल प्लॅनचा, म्हणजे कुठला नंबर कसा लागतो त्या यादीचा, प्रिंट मागवा, त्यात दिसेल. रिकॉलची वेळही तिथेच लिहिलेली असते.