मोठी मुलं मागे पडतात का?

तीन ते सहाची मुलं एका वर्गात बसवली की मोठी मागे पडतात, ही अनेक पालकांची भीती मलाही होती. माझी लेक अशाच बालवाडीत जायची. एकदा न्यायला लवकर गेले, तर पाच वर्षांची ही बया एका छोट्याला मटार सोलायला शिकवत होती. आधी स्वतःच सोलून दिले, तो रुसला. मग शेंगेचं टोक तेवढं मोडून शेंग त्याच्या हातात दिली. अर्धे दाणे जमिनीवर, दोन तोंडात! पण नेमकी किती मदत करायची, हे तिचं तिनेच शोधलं होतं.

आणि लहान-मोठी मुलं एकत्र शिकवणं हे परदेशी खूळ नाही हो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडला नेलं. तिथल्या आदिवासी पाड्यावरची थोरली मुलं धाकट्याला सांभाळायचं म्हणून शाळेत येत नसत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली, तीच विकासवाडी. बाळ कडेवर घेऊन आलात तरी चालेल!

एक मात्र खरं, मोठ्या मुलांना शिकवणाऱ्या ताईंचे फुकटचे मदतनीस करून ठेवणाऱ्या शाळाही असतात. प्रवेश घेताना एवढंच विचारा, छोटी झोपली की मोठी काय करतात? आमच्या बालवाडीत तेव्हा मोठ्यांसाठी बारीक मण्यांचा डबा वरच्या फळीवरून खाली यायचा.