भगव्या टी-शर्टवरची पांढरी अक्षरं केशरी झाली, यंदा काय करू?

अनगोळचा खजिनदार
आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचे टी-शर्ट करायचं काम दोन वर्षं माझ्याच गळ्यात आहे. गेल्या साली एकाकडनं भगवे स्पोर्ट्सवाले ६५ पीस छापून घेतले, पाठीवर पांढऱ्यात मंडळाचं नाव. ताब्यात घेतले तेव्हा पांढरंशुभ्र होतं. गठ्ठा आठ दिवस घरात पडून. विसर्जनादिवशी सोडतोय तर अक्षरं पिकल्या पपईगत! छापणारा म्हणतो, "तुम्ही गरम पाण्यात धुतलं असणार." अहो, पिशवीसुद्धा फोडली नव्हती. वर 'कार्यकर्ता'चं 'कायर्कतार्' करून सोडलेलं. कपिलेश्वर तलावावर नंबर लागेपर्यंत रात्रभर पोरं माझ्याकडं बघून तेच वाचत होती.

यंदा परत ६५, शिवाय पदाधिकाऱ्यांना १२ कॉलरवाले, छातीवर एम्ब्रॉयडरी. शाई कुठली सांगू?

शहापूरचा स्क्रीनवाला
शाईचं नंतर बघू, आधी कापड सांगा. स्पोर्ट्सवाला म्हणजे पॉलिस्टर. त्यातला रंग उष्णतेनं उडतो. आपली प्लास्टिसॉल शाई पक्की व्हायला साधारण १६० अंश लागतात, तेवढ्यात कापडातला भगवा सुटतो आणि वरच्या पांढऱ्यात शिरतो. छापताना कळत नाही. गरम गरम पीस एकावर एक रचून गठ्ठा बांधला की आतल्या आत मुरतो आणि चार-आठ दिवसांनी तोंड दाखवतो. लाल, मरून, भगवा ही त्यातली वांड पोरं. तुमच्या माणसानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. शिवजयंतीच्या एका ऑर्डरीत मीच ४० पीस परत घेतलेत.

कॉटन घ्या, १८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं. त्यात ही भानगड नाही. पावसात भिजून जड होतं, तेवढं सोसा. पॉलिस्टरच पाहिजे असला तर खाली कापडाचा रंग अडवणाऱ्या करड्या ब्लॉकर शाईचा एक हात आणि वर कमी उष्णतेत पक्की होणारी पांढरी, असं स्पष्ट बोलून घ्या. दुकानदार 'कॉटनच आहे' म्हणाला तर शिवणीतला एक धागा उपसून काडी लावा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर कॉटन. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. दोन्ही झालं तर मिक्स, तोही नको.

रफार उडतो तो फाँट बदलताना. जुन्या फाँटातला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरं जागा सोडतात. डीटीपीवाल्याला अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे चित्रासारखे आकार, करायला सांगा आणि स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, काढायच्या आधी तिची पारदर्शक फिल्म स्वतः वाचा. मोबाइलवर आलेला फोटो बघून 'ओके' टाकू नका.

भगवं वादळ
डीटीएफ करा की, फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर चिकटवायचं! स्क्रीन काढायची कटकटच नाही.

शहापूरचा स्क्रीनवाला
दहा पीस असते तर मीच सांगितलं असतं. ६५ पीस, एक रंग, तिथं स्क्रीनच स्वस्त. आणि पाठभर डीटीएफ म्हणजे प्लास्टिकचा कागद चिकटवल्यासारखं. ढोल बडवणाऱ्या पोराला विचारा पाठीला काय होतं ते. पॉलिस्टरवर त्यालाही हाच रोग लागतो.

निपाणीची सुईदोरा
एम्ब्रॉयडरीचं मी सांगते. चार इंचांत मंडळाचं अख्खं नाव मागू नका. इंग्रजी अक्षर बारीक चालतं, आपल्याला वर मात्रा, खाली उकार. माझ्या मशीनवर उंची १० मिलिमीटरच्या खाली गेली की शिरोरेषा आणि वेलांटी एकात एक जाऊन मुंगळे बसल्यागत दिसतं, अनुस्वाराची तर गाठच होते. गणपती आणि खाली फक्त 'अनगोळ', पुरे. पंचिंगचे, म्हणजे डिझाइन मशीनच्या टाक्यांत बसवायचे, पैसे एकदाच पडतात. त्याची डीएसटी फाइल मागून ठेवा, पुढच्या साली उपयोगी. कॉलरवाल्याचं कापड ताणतं, म्हणून मागं आधाराला कटअवे पेपर (कडेचा कापायचा, टाक्यांमागचा तसाच राहतो) लावून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात गणपतीच्या पोटाला सुरकुत्या.

अनगोळचा खजिनदार
अण्णा, अक्का, उपकार झाले. गेल्या सालचा माझा टी-शर्ट काढून धागा जाळला. काळा मणी. तोही बोटाला चिकटला, अजून फोड आहे. आई म्हणते, आता देवासमोरचा फोटो तरी जाळू नको.