एडविन माँटेग्यू: वयाच्या ४३व्या वर्षी कारकीर्द संपली ती कशामुळे?

प्रश्न (जुनीपाने):
'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा' हे जोडनाव आपण सर्वांनीच शाळेत पाठ केले, पण त्यातला माँटेग्यू कोण होता हे पाठ्यपुस्तकाने कधी सांगितले नाही. १९१७ साली भारतमंत्री (ब्रिटिश मंत्रिमंडळातील हिंदुस्थानच्या कारभाराचा मंत्री) झालेला हा लिबरल पुढारी मार्च १९२२ मध्ये पायउतार झाला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडलाही. सुधारणांनीच त्याचा बळी घेतला असे म्हणावे का?

उत्तर (दफ्तरदार):
तसे म्हणता येणार नाही. माँटेग्यू हा सधन ज्यू बँकमालकाचा मुलगा. केंब्रिजला शिकला, १९०६ साली पार्लमेंटात आला, पुढे पंतप्रधान झालेल्या आस्क्विथचा विश्वासू झाला आणि १९१० ते १९१४ या काळात भारत खात्याचा उपमंत्री होता. जुलै १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेतील अनागोंदीवर बोलताना त्याने भारत सरकारचा कारभार लाकडी, लोखंडी आणि आदिम काळातला ठरवला. आधीचा भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन याच्या राजीनाम्याने रिकामी झालेली खुर्ची थोड्याच दिवसांत त्याच्याकडे आली. २० ऑगस्टला त्याने जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली, त्या हिवाळ्यात तो स्वतः भारतात फिरला आणि त्यातूनच १९१९ चा कायदा झाला. त्यातील द्विदल पद्धतीने शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली. पोलीस आणि जमीनमहसूल मात्र गव्हर्नरने हाताशी ठेवले.

राजीनाम्याचे निमित्त निराळेच होते. महायुद्धानंतर तुर्कस्तानावर लादलेला सेव्हर्‌चा तह बदलावा, अशी मागणी करणारी व्हाइसरॉय रीडिंग यांच्या सरकारची तार त्याने मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध करू दिली. पंतप्रधान लॉइड जॉर्जने लगेच राजीनामा मागितला.

उत्तर (सभागृहवाचक):
निमित्त तारेचे झाले हे खरे, पण माझ्या मते पाया ८ जुलै १९२० लाच खचला होता. त्या दिवशी कॉमन्समध्ये जालियनवाला बागेतील गोळीबाराबद्दल जनरल डायरवर सरकारने केलेल्या कारवाईची चर्चा होती. सरकारी बाजू सावरून धरायची सोडून माँटेग्यूने सभासदांनाच विचारले की, दहशत आणि वांशिक मानहानी यांच्या बळावर तुम्ही हिंदुस्थान ताब्यात ठेवणार आहात काय? टोरी (हुजूर पक्षाचे) सभासद खवळले, आरडाओरडा सुरू झाला, आणि त्यांच्या रागात ज्यूद्वेषाचा भाग थोडाथोडका नव्हता. पुढे चर्चिलने शांतपणे भाषण करून बाजू सांभाळली. सरकारच्या बाजूने २३० आणि विरोधात १२९ मते पडली. लॉर्ड्सच्या सभेने मात्र १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरची पाठराखण केली. एवढे होऊनही माँटेग्यू आणखी दीड वर्षाहून अधिक काळ पदावर राहिला, याचेच मला नवल वाटते.

जुनीपाने:
दोघांचेही आभार. टिळकांनी या सुधारणांकडे कसे पाहिले?

उत्तर (दफ्तरदार):
योजना जाहीर झाली तेव्हा 'केसरी'चा मथळा होता, 'उजाडले, पण सूर्य कोठे आहे?' तरीही टिळकांनी दार बंद केले नाही. १९१९ च्या अखेरीस त्यांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतली, म्हणजे सरकार जितके देईल तितके सहकार्य करायचे. माँटेग्यूच्या वाट्याला विरोधाभास असा आला की, हिंदुस्थानात त्याने दिलेले अपुरे ठरले आणि लंडनमध्ये तेच फाजील ठरले. नोव्हेंबर १९२४ मध्ये तो अवघ्या ४५ वर्षांचा असताना वारला.