किनाऱ्यावर चालायला जाता? मग सोबत काय नेता, ते सांगा

मंडळी, नोकरी संपवून आम्ही दोघं पुण्याहून रत्नागिरीला राहायला आलो. रोज चालायची सवय जुनीच, पण इथल्या खाऱ्या दमट हवेत आणि जांभ्याच्या चढउतारांवर पुण्याचं सामान कुचकामी ठरतंय. बूट, कपडे, घड्याळ, काठी, काय वाटेल ते लिहा. हौसेने घेतलं आणि आता माळ्यावर पडलंय, असंही चालेल. जाहिरात मात्र नको.

गुहागरहून
सगळ्यात कामाची वस्तू भिंतीवर टांगलेली आहे : तिथ्यांचं कॅलेंडर. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलेलं आणि चालायला वरची भुसभुशीत वाळू तेवढी उरलेली. पोटऱ्या भरून येतात नुसत्या. पुनवेला-अवसेला सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी. तीही उधाणाची, त्यामुळे पुळण लांबवर उघडी पडते, ओली आणि घट्ट. त्यावर पाय रुतत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून मी घराबाहेर पडायची वेळ पाण्यावर ठरवते. ठोकताळाच आहे हा, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. पावसाळ्यात मोठ्या लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. तो बघितल्याशिवाय मी खाली उतरत नाही.

दापोलीहून
बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात, त्या मापाचे घेतले की चावत नाहीत. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. 'वॉटरप्रूफ'च्या नादी लागू नका. आपला पाऊस घोट्याकडून आत शिरतो आणि मग त्या बुटाची घागर होते. जाळीचे बूट लवकर भिजतात, पण वाळतातही लवकर. घरी आल्यावर आतला तळवा काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते ओले झाले की बदलायचे. चुलीजवळ ठेवाल तर सोलचा चिकटा सुटेल. पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरावेच लागतात. सोल ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बसतो, असं धरून चाला. आणि शेवाळ धरलेल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, कुठलाही ब्रँड टिकत नाही, तिथे कठड्याला धरूनच उतरायचं.

सावंतवाडीहून
माझं एकच : हेडटॉर्च. आई अजून रोज विचारते, "काळोखात खंय जातंस? फुरसां असतत थंय." बरोबरच आहे तिचं. फुरसं हा विषारी साप हातभर लांबीचासुद्धा नसतो. मातकट रंग, दगडाच्या कडेला पाचोळ्यात वेटोळं करून पडलं तर दिसतही नाही. डिवचलं की अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं, पण कानात इयरफोन घातलेल्याला तो काय ऐकू येणार? म्हणून कान मोकळे आणि उजेड पायापुढे. कुणाला चावलंच, तर कापाकापी-आवळाआवळी नको, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं.

चिपळूणहून
आमच्या नशिबी समुद्र नाही, हायवे आहे. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घ्या आणि उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. बाकी सगळं दुय्यम.

मालवणहून
वाळूत अनवाणी चालण्याचं सगळे कौतुक करतात. मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी साफ मनाई केलीय, कारण शिंपल्याने तळवा कापला तरी कळत नाही. मी बंद सँडल घालतो आणि घरी आल्यावर आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतो. सुती मोजे घामाने भिजून फोड आणतात, सिंथेटिक बरे. मांड्या घासतात त्यावर खोबरेल. महागडं मलम आणलं होतं, ते संपलं तेव्हा परत आणलं नाही.

अलिबागहून
आमच्या ह्यांना लेकाने घड्याळ दिलंय. रात्री जेवण झाल्यावर दहा हजारांचा आकडा भरायला ओटीवर येरझाऱ्या चालतात! तो आकडा कुठल्या डॉक्टरचा नाही हो, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आमच्या मैत्रिणींच्या घोळक्यात पहिली अट कायम पाळली जाते.

धागाकर्ता, रत्नागिरी
गुहागरच्या ताई, परवा षष्ठी. म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी, तेव्हा डोक्यावर ऊन. संध्याकाळी साडेचारला पुन्हा भरती. मग भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं कधी?

गुहागरहून
नाहीच जायचं. त्या दिवशी थिबा पॅलेसकडचा चढ चढा.